बाग आणि रानातला मुक्काम: परवडणारा, न मिटणारा चाकू कसा निवडावा?

कुंपणकाठ

घडीचा चाकू नको आहे. बिजागरीत माती बसते, चिखलाच्या हातांनी तो उघडत नाही आणि झाडाचा चीक लागला की मिटतही नाही. म्हणून न मिटणाराच घ्यायचा, एवढं पक्कं. कामं साधारण अशी:

ठिबकच्या १६ मिमी नळ्या, सुतळी, नायलॉनची दोरी, खताची विणलेली पोती कापणं. करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीच्या ओल्या फांद्या आणि वेली. कुंडीत गच्च झालेला मुळांचा गड्डा कडेने सोडवणं, फरशांच्या फटीतलं तण काढणं. शिवाय वर्षातून चार-पाच वेळा तंबूतला मुक्काम. तिथे खुंट्या तासणं, पेटवणासाठी ढलप्या काढणं, भाजी-फळं चिरणं.

जवळपास सारख्याच किमतीत तीन प्रकार दिसतात:

१) पातळ (२.५ मिमी), दहा सेंमी लांब, प्लास्टिक-रबराच्या मुठीचा स्कँडिनेव्हियन धाटणीचा.
२) ६ मिमी जाड, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत काड्यापेटी-होकायंत्र ठेवायची सोय असलेला 'सर्व्हायव्हल'.
३) खाटकाच्या सुरीसारखा, १८ सेंमी पात्याचा, १०९५ नावाच्या कार्बन पोलादाचा, लाकडी मुठीचा.

यातला कुठला? कार्बन स्टील की स्टेनलेस? 'फुल टँग' (पात्याची पट्टी मुठीत शेवटपर्यंत गेलेली) नसेल तर घेऊच नये, असं सगळीकडे वाचतोय. ते खरं का? आणि धार लावायला कमीत कमी काय लागेल?

आडवा_छेद

क्रमांक २ यादीतून काढूनच टाका. पोकळ मुठीत पातं पुढे जातच नाही. मुठीच्या तोंडाशी एखाद्या नटाने किंवा पिनेने धरलेलं असतं. चाकूवर येणारा सगळा पीळ नेमका तिथेच पडतो, त्यामुळे आधी मूठ खुळखुळते आणि मग पातं निखळतं. पाठीवरचे दाते शोभेचे. खऱ्या करवतीचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं मोकळं फिरतं. चाकूच्या पाठीवर तशी सोय नसते. दोन-चार हात मारले की लाकडात रुततो. वर प्रत्येक दात्याच्या मुळाशी एक खाच, म्हणजे तडा जायला तयार जागा.

जाडीबद्दल थोडं सविस्तर, कारण स्वस्त चाकू घेताना बहुतेक जण इथेच फसतात. हातात जड लागलं की मजबूत वाटतं. पण चाकू कापतो कसा, हे धारेच्या मागे किती पोलाद उभं आहे यावर ठरतं. २.५ मिमी जाडीच्या पात्याला दोन्ही बाजू मिळून २५ अंशांचा उतार (धारेकडे घासून निमुळती केलेली कड) दिला तर उताराची रुंदी साधारण ६ मिमी भरते. तोच कोन ६ मिमी जाड पात्याला द्यायचा तर उतार १४ मिमी रुंद घासावा लागेल. स्वस्त चाकू बनवणारा एवढं घासत बसत नाही. तो कोन वाढवून मोकळा होतो. मग असा चाकू फांदीत शिरण्याऐवजी ती फाडतो आणि नळी कापण्याऐवजी चेपतो. ४ मिमीच्या वरची जाडी कोयता किंवा कुऱ्हाडीसाठी ठेवा. तुमच्या कामाला २ ते ३ मिमी पुष्कळ झाली.

लांबी ९ ते ११ सेंमी. त्याहून आखूड असेल तर ढलप्या काढता येत नाहीत. लांब असेल तर टोक हातापासून दूर जातं आणि बारीक कामात ताबा राहत नाही. क्रमांक ३ ची सुरी मांस कापायला उत्तम, पण १८ सेंमीचं पातं घेऊन वेलीच्या जाळीत हात घालणं म्हणजे नको तिथे काप. टोक पाठीकडून हलकं खाली उतरणारं असावं. धारेतून वर वळून सुईसारखं झालेलं टोक सगळ्यात आधी मोडतं.

मूठ तळव्यापेक्षा थोडी लांब हवी, साधारण १०.५ ते ११.५ सेंमी. बोटांसमोर छोटासा उंचवटा हवाच, कारण ओल्या हाताने टोक खुपसताना बोटं पुढे घसरून धारेवर येतात. मोठा आडवा अडसर मात्र नको. तो फळीवर भाजी चिरताना आणि दगडावर धार लावताना आडवा येतो.

आता खरी अडचण. तुमच्या यादीत एक चाकू नाही, दोन हत्यारं आहेत. मुळांचा गड्डा आणि फटीतलं तण यादीतून वेगळं काढा. वाळूतला क्वार्ट्झ विकर्स या कठीणपणाच्या मापात १००० च्या वर असतो. चाकूचं चांगलं पोलाद ६५०-७०० च्या आसपास. म्हणजे मातीत खुपसलेल्या प्रत्येक वेळी धारेपेक्षा कठीण कण धारेवर घासले जातात. मग पोलाद कितीही महाग घ्या, धार तेवढ्यावरच जाते. त्या कामाला खुरपं घ्या, किंवा जपानी होरी-होरी. त्याचं पातं पन्हाळीसारखं खोलगट असतं, एका कडेला दाते असतात आणि ते बोथट झालं तरी काम अडत नाही. चाकूवरचे पैसे थोडे कमी करून हे दुसरं हत्यार घेतलंत तर दोन्ही टिकतील.

सुतळीतोड

+१, विशेषतः शेवटच्या मुद्द्याला. खत-औषधांत फिरलेल्या चाकूने मुक्कामात टोमॅटो चिरू नयेत हे वेगळं सांगायला नकोच. खाण्याच्या कामाला एक साधी पातळ सुरी पुठ्ठ्यात गुंडाळून न्या. वजन काहीच नसतं.

यादीतल्या दोन गोष्टींना चाकू हे योग्य उत्तरच नाही.

ठिबकची नळी चाकूने कापली की काप तिरका जातो आणि जोडणीतून पाणी झिरपतं. चाकूनेच कापायची तर नळी फळीवर ठेवा, पातं उभं धरून हलका दाब द्या आणि पात्याखाली नळी पुढे लोटत एक पूर्ण फेरा करा. मग दाबा. काप सरळ येतो.

अंगठ्याएवढी फांदी छाटणीच्या कात्रीने कापा. कात्री नसेल तर फांदी एका हाताने वाकवा आणि ताणलेल्या, म्हणजे बाहेरच्या बाजूवर, बुडाकडे तिरका काप द्या. ताणलेले तंतू धार लागताच उघडतात आणि निम्म्या जोरात काम होतं. पातं अंगाकडे ओढू नका आणि वाकवणारा हात कापाच्या रेषेच्या मागेच ठेवा. फांदी तुटते तेव्हा चाकू थांबत नाही.

पाणीदार

पोलादाबद्दल. नाव वाचून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कठीण कसं केलंय, त्यावर. तरी नावावरून काय समजतं ते आधी सांगतो.

कार्बन स्टील: १०७५ मध्ये साधारण ०.७५ टक्के कार्बन, १०९५ मध्ये ०.९५. दोन्ही साधी, पटकन धार घेणारी, दगडावर लवकर वठणीवर येणारी. गंजतात. १०७५ थोडं चिवट, म्हणून आपटायच्या हत्यारांना जास्त बरं.

स्टेनलेस: १२सी२७ मध्ये ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम. स्वस्त चाकूंत यापेक्षा समतोल पोलाद शोधायची गरज नाही. ८सीआर१३एमओव्ही सुद्धा चालेल, कार्बन ०.८ च्या आसपास. ४२०जे२ आणि ३सीआर१३ मध्ये कार्बन ०.३ टक्क्यांच्या घरात, त्यामुळे ती कितीही नीट पाणी दिलं तरी नरमच राहतात. धार दुमडते. सहसा गंजत नाहीत हा एकच गुण. पाण्यातल्या कामाला ठीक, इतरत्र नाही.

डी२: कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. धार खूप टिकते, पण बोथट झाली की साध्या दगडावर घामटं निघतं आणि वाकडा जोर पडला तर कड टवका होऊन उडते. बागेतल्या चाकूला खडा-तार-खिळा लागणारच. म्हणून माझ्या मते इथे नको.

नुसतं '४४०' लिहिलं असेल तर विचारा: ए, बी की सी? ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, ४४०ए मध्ये बराच कमी. आणि 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही असं समजा.

कठीणपणा रॉकवेल सी मापात ५६ ते ५९ असावा. ५४ च्या खाली धार वाकते, ६१ च्या वर बागेतल्या धसमुसळ्या वापरात टवके पडतात.

हातात आल्यावर करायच्या चाचण्या:

चुंबक. चाकूचं कठीण होऊ शकणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. 'चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही' हा समज उलटा आहे. चुंबक चिकटलाच नाही तर पातं ३०४ सारख्या भांड्यांच्या स्टीलचं असणार, आणि त्याला पाणी देताच येत नाही. परत करा.

पितळेची कांडी. ६ मिमी जाडीची कांडी पक्की धरा, त्यावर धार साधारण १५-२० अंशांत टेकवा आणि हलका दाब देऊन सरकवा. दिव्याखाली धार कांडीवर किंचित फुगताना दिसेल. चाकू पुढे गेल्यावर ती जागा सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर नरम. टवका उडाला तर जास्त कडक. मात्र धार फार जाड असेल तर ती फुगणारच नाही, तेव्हा आधी नीट धार लावून मग ही चाचणी करा.

नव्या कानशीने पाठीची कड घासूनही अंदाज येतो. कानस लोण्यासारखी चावली तर पातं नरम, कुरकुरत थोडी चावली तर ठीक. पण काही पात्यांची पाठ मुद्दाम नरम ठेवतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

हिरवी_वही

कार्बन की स्टेनलेस या प्रश्नाला बागेपुरतं माझं उत्तर स्टेनलेस. कारण गंज नाही, खत. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड हा पोलादाचा शत्रू. कार्बन स्टीलवर त्याचा ओला डाग एक रात्र राहिला तरी सकाळी खड्डे दिसतात. स्टेनलेसलाही बारीक टिंबांसारखे खड्डे पडतात, पण तुम्हाला थोडी उसंत मिळते. पोतं कापलं की साध्या पाण्याने धुवा, पुसा, मगच म्यानात.

रोगट फांदी कापून त्याच पात्याने दुसरं झाड कापलंत तर रोग पुढे जातो. पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ब्लीचही चालतं, पण ते पोलाद खातं, म्हणून नंतर धुणं आलंच. अल्कोहोल सुकलं की लगेच पुढची फांदी. शेगडी किंवा विडी जवळ नको.

कुंपणकाठ

खुरपं वेगळं घ्यायचं पटलं. मग क्रमांक १ कडे कल आहे. पण त्याची टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही म्हणतात. खुंट्या-ढलप्यांच्या कामात तो मोडणार नाही ना? आणि 'स्कँडी' उतार, म्हणजे थेट धारेपर्यंत गेलेला एकच रुंद सपाट उतार, बागेत चालतो का?

ढलपी

टँग म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग. फुल टँग म्हणजे मुठीच्या आकाराएवढी पूर्ण पट्टी, दोन बाजूंनी फळ्या आणि रिवेट. दुसरा प्रकार शेपटीसारखा निमुळता, ज्याभोवती मूठ ओतलेली किंवा ठोकून बसवलेली असते. स्वीडनच्या मोरा गावावरून ओळखल्या जाणाऱ्या मोरा चाकूंतला 'कंपॅनियन' दुसऱ्या प्रकारचा आहे. स्टेनलेस पातं साधारण १०.४ सेंमी लांब आणि २.५ मिमी जाड. त्याचाच 'हेवी ड्यूटी' ३.२ मिमीचा. फुल टँग हवी तर त्यांचाच 'गार्बर्ग' आहे, पण तो 'परवडणारा' या शब्दात बसत नाही. हुल्टाफोर्स कंपनीचे कार्बन स्टीलचे चाकूही याच जातीचे. वजनदार आणि फुल टँग हवा तर एल साल्वाडोरमध्ये बनणारे काँडॉर कंपनीचे १०७५ चे चाकू बघा.

शेपटीची टँग मोडते तेव्हा बहुतेक दोन कारणं असतात. एक, चाकूचा पहारीसारखा वापर, म्हणजे फटीत खुपसून पीळ देणं. दोन, लाकूड फोडताना मुठीवर मारणं. तासणं, कापणं, कोरणं यात टँगवर मोडण्याइतका जोर येतच नाही. उलट स्वस्त फुल टँगचे स्वतःचे दुखणे असतात: लाकडी फळ्या सुकून आकसतात, पट्टीच्या कडा तळव्यात रुततात, फळी आणि पट्टीच्या फटीत पाणी शिरून आतून गंज धरतो, आणि तो दिसतो तेव्हा रिवेट सैल झालेली असते.

ढलप्या काढायची रीत: पातं लाकडाच्या डोक्यावर आडवं टेकवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. लाकडाची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा ३ ते ४ सेंमी कमीच हवी. १० सेंमीच्या पात्याला ६-७ सेंमीचं लाकूड, म्हणजे टोकाकडे ठोकायला जागा उरते. गाठ असलेलं लाकूड बाजूला ठेवा. चाकू गाठीत अडकला की माणूस आपोआप पीळ देतो आणि तिथेच काम बिघडतं. पातं आडवं, जमिनीला समांतर ठेवा. टोक खाली गेलं की मुठीच्या तोंडावर झटका बसतो. ठोकायला लाकूडच घ्यायचं, दगड किंवा हातोडी नाही. पाठ चेपली की तिथले काटे पुढे बोटांना लागतात. अडकला तर पीळ न देता त्याच फटीत लाकडाची पाचर ठोका आणि चाकू सोडवा.

मोठी लाकडं फोडायचीच असतील तर कुऱ्हाड. चाकूला कुऱ्हाड बनवण्याच्या हट्टातूनच ६ मिमीची पाती जन्माला आली.

निसणा

आडवा_छेद यांनी २.५ मिमीच्या पात्याला सांगितलेला ६ मिमी रुंद उतार म्हणजे स्कँडीच. त्यावर त्यांच्याशी थोडा मतभेद. लाकूड तासायला तो सरस आहे यात वाद नाही, कारण सपाट उतार लाकडावर टेकतो आणि चाकू स्वतःच कोन धरतो. पण उतार संपतो तिथे खांदा असतो. जाड वस्तूत तो खांदा अडतो. गाजर कापलं जात नाही, तडकतं. दुसरं म्हणजे धार ओढायची तर उताराचा सगळा ६ मिमी भाग घासावा लागतो. खड्याला लागून एक टवका उडाला तर दोन्ही बाजूंचं बरंच पोलाद काढल्याशिवाय तो जात नाही. पाठीपासून धारेपर्यंत सपाट निमुळतं गेलेलं पातं आणि शेवटी अर्धा-एक मिमीचा छोटा दुसरा उतार, ही घडण बागेला जास्त सोयीची. धार लावताना तेवढीच पट्टी घासायची.

स्कँडी घेतलातच, तर पहिल्याच दिवशी एक करा: बारीक दगडावर, मूळ उतारापेक्षा पाठ थोडी उचलून, दोन्ही बाजूंना पाच-सहा हलके हात मारा. धारेवर केसाएवढा सूक्ष्म उतार तयार होतो. कारखान्यातून आलेली स्कँडीची धार वाळलेल्या गाठीवर किंवा तारेवर दुमडते. हा सूक्ष्म उतार तेच थांबवतो. तासायला फरक जवळपास जाणवत नाही.

आता धार लावणं, कारण चाकूची अर्धी किंमत इथे वसूल होते.

लागणारं सामान: एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० ग्रिटचा (आकडा मोठा तेवढा दगड बारीक) दगड, कातड्याचा जुना पट्टा फळीवर चिकटवलेला. एवढंच. दगडही नको असेल तर ४००, ८०० आणि १५०० चा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर. फक्त पेपरवर चाकू नेहमी धारेच्या उलट, पाठीच्या दिशेने ओढायचा. धार पुढे करून लोटलात तर कागद कापला जाईल.

कोन: छोट्या उताराच्या पात्याला दर बाजूला २० अंश. हे डोळ्याने कळत नाही, म्हणून उंची मोजा. पात्याची रुंदी गुणिले ०.३४ एवढी पाठ दगडापासून वर हवी. २२ मिमी रुंद पात्याला ७.५ मिमी. तेवढ्या उंचीची नाण्यांची चवड दगडाशेजारी ठेवून सुरुवातीला पाठ तिच्यावर टेकवून बघा, हाताला सवय होते. स्कँडीला हे काही नको. उतार दगडावर सपाट टेकवला की कोन सापडला.

मार्कर: धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवा आणि दोन हात मारून बघा. शाई धारेच्या अगदी काठावरून गेली तर कोन बरोबर. फक्त खांद्यावरून गेली तर पाठ थोडी उचला. फक्त काठावरून गेली आणि मागे शाई राहिली तर पाठ उतरवा.

एका बाजूला घासत राहा जोवर दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीत बारीक खरखरीत काठ हाताला लागत नाही. वर्कशॉपात त्याला 'बर' म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर फिरवून तपासा, धारेवरून लांबीने नाही. बर उठली नाही म्हणजे तुम्ही काठापर्यंत पोचलाच नाहीत. बहुतेकांची धार लागत नाही ती याच कारणाने. बर आली की बाजू बदला. मग १००० वर तेच, पण दाब कमी. शेवटी चाकूच्या नुसत्या वजनावर एकाआड एक बाजू, आठ-दहा हात. मग कातड्यावर दर बाजूला पंधरा-वीस हात, धार मागे ठेवून.

दिव्याखाली धार सरळ डोळ्यासमोर धरा. धारदार काठ दिसत नाही. चमकणारा ठिपका दिसला तर तिथे बोथट आहे.

'व्ही' आकाराची, कार्बाइडची ओढायची यंत्रं टाळा. ती पोलाद घासत नाहीत, खरवडतात. काठ करवतीसारखा फाटतो, म्हणून पहिल्या दोन दोऱ्या झटकन कापल्यासारख्या वाटतात आणि मग धार गळते. वर्षभरात पात्याच्या मध्ये खोलगट भागही पडतो, कारण मुठीजवळ त्या यंत्राला पोचताच येत नाही.

अर्धी धार दातेरी असलेला चाकू घेऊ नका. दोरीला छान, पण दाते नेमके मुठीजवळ असतात, जिथे तासताना सगळ्यात जास्त जोर लागतो. आणि प्रत्येक खाचेत गोल कांडी घालून वेगळी धार लावावी लागते.

आडवा_छेद

@निसणा, गाजराचं मान्य. पण त्यांची खाण्याची सुरी आता वेगळी आहे ना? मग उरलेल्या यादीत स्कँडीला अडचण फक्त पोत्यांची, आणि ती २.५ मिमीला जाणवत नाही. सूक्ष्म उताराचं मात्र शंभर टक्के अनुमोदन.

पाणीदार

कार्बनचा घेतलाच कोणी, तर दोन ओळी. साबणाने तेलकटपणा काढा, कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पात्यावर १५ मिनिटं गुंडाळून ठेवा, धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुसा. पातं राखाडी होतं आणि लाल गंज सहज धरत नाही. व्हिनेगर धारही थोडी खातं, म्हणून नंतर कातड्यावर हात मारावेच लागतात. तेल म्हणाल तर खनिज तेल. जवस किंवा मोहरीसारखी वनस्पती तेलं हवेत घट्ट होऊन चिकट थर धरतात.

लाकडी मुठीला उकळलेलं जवसाचं तेल चोळतात, ते उत्तम. फक्त त्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना तापतं आणि स्वतःहून पेट घेऊ शकतं. उलगडून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

हिरवी_वही

म्यानाबद्दल कोणी बोललंच नाही. कातडं दिसायला देखणं, पण ओल धरून ठेवतं. मुक्कामात कमरेला ठीक, घरी चाकू त्यात ठेवून दिला तर महिन्याभरात डाग. बागेला प्लास्टिकचंच बरं, तळाशी पाणी निघायला भोक असलेलं. म्यानात वाळूचा एक कण गेला तरी चाकू घालता-काढताना पात्यावर रेघा पडतात. अधूनमधून पाण्याची धार सोडून आत ब्रश फिरवा.

विकत घेताना चाकू म्यानात घालून उलटा धरा आणि जोरात झटका. पडला नाही तरच घ्या. बागेत माणूस उभा कमी आणि उकिडवा जास्त असतो, तेव्हा सैल चाकू आपोआप वर सरकतो. मांडीवर चाकू चालवणंही टाळा. गुडघे बाजूला करून, काप शरीराच्या बाहेर जाईल असं बसा. मांडीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी कापली गेली तर वेळ फार कमी मिळतो.

सुतळीतोड

आणि आपल्या भागातला नियम बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी घरच्या बागेत जे चालतं ते कमरेला लावून रस्त्यावर चालत नाही. प्रवासात म्यानासकट सामानाच्या तळाशी.

कुंपणकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: १० सेंमी, २.५ मिमी, स्टेनलेस, स्कँडी, त्यावर सूक्ष्म उतार. ४००/१००० चा दगड. खुरपं वेगळं. खाण्याची सुरी वेगळी. मूठ रबराची घेऊ का कडक प्लास्टिकची? आणि रंग काळा मिळतोय, हिरवा मिळतोय, नारंगीसाठी थांबावं लागेल.

ढलपी

ओल्या हाताला रबरी थर असलेली मूठ जास्त धरते. एकच जपायचं: डासांसाठी लावायच्या मलमात डीट नावाचं रसायन असेल तर ते काही प्लास्टिक-रबर मऊ करून चिकट करतं. मलम लावलं की हात पुसून मग चाकू धरा.

रंगासाठी थांबा. हिरवी मूठ गवतात पडली की तिथेच राहते, काळी पाचोळ्यात दिसत नाही, आणि ती सापडते तेव्हा बहुधा गवत कापायच्या यंत्राला सापडते.